भाग ४१ चा धागा ‘ड’ वर्गातून काढण्याबाबत

दिनांक : ५ जानेवारी २०२६

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, नेवासा,
जिल्हा अहिल्यानगर.

विषय : मोबाईलवरील एका समूहात ‘ड’ वर्गात टाकलेला धागा दि. २६ जानेवारी रोजी नष्ट होण्यापूर्वी ‘अ’ वर्गात घेण्यासाठी दोन ओळींचे पत्र, जावक क्रमांक व गोल शिक्क्यासह, मिळणेबाबत.

संदर्भ : १) ‘आम्ही हापसेकरी’ समूहाच्या दि. २६/१/२०२५ च्या तहकूब सभेतील ठराव क्र. ३.
२) समूहाचे व्यवस्थापक श्री. बिभीषण दहातोंडे यांचा तोंडी आदेश : “सक्षम अधिकाऱ्याचं पत्र आण.”

अर्जदार : रंभाजी कोंडीबा भिंगारदिवे, सेवानिवृत्त शिपाई, रा. सोनई.

महोदय,

१. अर्जदाराने एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षे शिपाई म्हणून नोकरी केली. कार्यालय दुसऱ्या तालुक्यातले होते. त्याचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहायचे आहे ते वाचून तिथल्या चांगल्या माणसांनाही उगाच खाली बघावे लागेल. त्यातली शेवटची चौदा वर्षे अर्जदार साहेबांच्या दारावरचे काम सांभाळून अभिलेख कक्षातही होता. गठ्ठे बांधायचे, रुमालात गुंडाळायचे, मांडणीवर चढवायचे, आणि मुदत संपली की खाली उतरवून नाशासाठी काढून द्यायचे. या हातांनी तालुक्याचे किती कागद संपवले याची नोंद नाही. साहेबांना अर्ज कसा लिहावा हे मात्र त्या कागदांनीच शिकवले, त्यामुळे हा अर्ज अर्जदाराचा स्वतःचा आहे, कोणाकडून लिहून घेतलेला नाही.

२. ‘हापसा’ नावाची एक मालिका मोबाईलवर येत असे. आपल्याच भागात चित्रित झालेली, आपल्याच बोलीतली. गावच्या हापशावर पाणी भरायला येणारी माणसे आणि त्यांची भांडणे, एवढाच विषय. एकूण चौऱ्याण्णव भाग झाले. तिच्या चाहत्यांचा ‘आम्ही हापसेकरी’ हा समूह असून सहाशे चाळीस सभासद आहेत. अर्जदार मालिकेचा चाहता नव्हता आणि आजही नाही. अर्जदाराची मुलगी सायली ही नगरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती दि. ९ ऑगस्ट २०२३ रोजी कावीळ होऊन वारली. वय चोवीस. ती सुट्टीत घरी आली की कानात वायर घालून ही मालिका बघायची आणि एकटीच हसायची, एवढे अर्जदाराला माहीत होते. तिचा मोबाईल कुलूपबंद आहे, उघडायचा आकडा तिच्याबरोबर गेला. पोरगी कशाला हसत होती ते तरी कळावे, म्हणून अर्जदार त्या ऑक्टोबरात समूहात दाखल झाला.

३. धागा म्हणजे काय, हे साहेबांसाठी थोडक्यात. कार्यालयात जशी एका विषयाची एक नस्ती असते, तसा समूहात एका विषयाचा एक धागा. भाग आला की त्याचा धागा उघडायचा आणि त्या भागावरचे बोलणे त्यातच करायचे. पण माणसे ती माणसेच. कोणीही उठावे आणि नवा धागा उघडावा, त्यामुळे भागांचे चौऱ्याण्णव धागे आणि वरून शंभरावर भटके, असा बाजार झाला. म्हातारी मेली त्या भागाच्या धाग्यात लोक शुभ सकाळचे गुलाब टाकत. मालिका संपल्यावर रिकामपण आले आणि २०२४ च्या उन्हाळ्यापासून धाग्यांची मांडणी कशी करावी यावरून समूहात जुंपली. कॉलेजची पोरे म्हणत, भागागणिक धागे आहेत तेच ठेवा. बचत गटाच्या बाया म्हणत, पात्रागणिक करा, आम्हाला भागाचे आकडे ध्यानात राहत नाहीत. तिसरा एक गट म्हणे, सगळे मोडून एकच धागा करा. सहा महिने नुसती उणीदुणी निघाली. पाच जणांनी समूह सोडला आणि त्यातले चार दुसऱ्या दिवशी परत आले. मालिकेत जेवढी भांडणे नव्हती तेवढी तिच्या चाहत्यांत झाली.

४. साहेब, आता अर्जदाराची चूक. डिसेंबरात अर्जदाराने आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत तोंड उघडले. त्याने लिहिले की, ‘सरकारात कागद ठेवायला जागा नसते तेव्हा त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. अ कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहा वर्षांचा, ड एक वर्षाचा, नंतर नाश. आपणही तसेच करावे.’ खाली टाळ्यांची एकेचाळीस चित्रे आली. एकतीस वर्षांत ज्याला ‘पाणी आण’ याखेरीज कोणी मत विचारले नाही, त्या माणसाला टाळ्या म्हणजे काय असतात ते साहेबांना कळणार नाही. अर्जदाराने त्या रात्रीची भाकरीही उभ्यानेच खाल्ली आणि पत्नी भागिरथीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “लई शानं होऊ नका. कागद येगळे, मान्सं येगळी.” तिला चौथीपर्यंतच शिकता आले, म्हणून अर्जदाराने तिचे ऐकले नाही.

५. समूहाचे व्यवस्थापक श्री. दहातोंडे हे निवृत्त ग्रामविकास अधिकारी. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांना ही सूचना फार आवडली. इतकी आवडली की त्यांनी ती मंजूर करायला २६ जानेवारीची सभा लावली, कारण ग्रामसभा त्या दिवशी असते. सात दिवस आधी विषयपत्रिका टाकली. गणसंख्या शंभर धरली, तीही ग्रामसभेची. सभेच्या वेळी मोबाईलवर सतरा जण हजर होते. भाऊसाहेबांनी गणसंख्येअभावी सभा तहकूब केली आणि ‘अर्ध्या तासाने याच ठिकाणी भरेल, तिला गणसंख्येची अट राहणार नाही’ असे जाहीर केले. हा अर्धा तास सोसायटीच्या सभेतला आहे, ग्रामसभेतला नव्हे, हे अर्जदाराला ठाऊक होते. पण सूचना आपलीच, मग नियम कोणाचा हे कशाला बघायचे? अर्ध्या तासात आठ जण झेंडावंदनाच्या जिलेबीकडे गेले. उरलेल्या नऊ जणांनी सहाशे चाळीस माणसांच्या बोलण्याचा निकाल लावला. सूचक अर्जदार. अनुमोदक भाऊसाहेब.

६. कसोटीही अर्जदारानेच घालून दिली. पाचशेच्या वर संदेश असतील तो धागा अ, शंभराच्या वर ब, पंचवीसच्या वर क, त्याखालचा ड. ड वर्गातला धागा ठरावाच्या तारखेपासून लिहिण्यास बंद, म्हणजे कोणी मुद्दाम भर घालून त्याला वरच्या वर्गात चढवणार नाही. ही पाचरही अर्जदाराचीच. भाऊसाहेब म्हणाले, “मामा, तुमी तर साहेब व्हायला पायजे हुता.” मग फेब्रुवारीत दोघांनी सोसायटीच्या ओट्यावर बसून यादी केली. भाऊसाहेब आकडा वाचत आणि अर्जदार वहीत वर्ग लिहीत असे. भाग ४१ चा धागा आला. त्या भागात लोकांचा लाडका विनोदी गडी नव्हता, म्हणून बहुतेकांनी तो बघितलाच नाही. संदेश एकोणीस. तरी अर्जदाराने नियमाप्रमाणे तो उघडून बघितला. अकरा जणांनी त्यातल्या पोरीला नावे ठेवलेली, पाच हात जोडल्याची चित्रे, दोन शुभ सकाळ, आणि एक लांब संदेश. लिहिणाऱ्याचे टोपणनाव होते ‘येसकराची नात’.

७. हे नाव वाचून अर्जदाराचे डोके फिरले. साहेब, अर्जदाराचे वडील कोंडीबा यांनी गावची येसकरकी केली. हातात काठी घेऊन वेशीत उभे राहायचे, टपाल वाहायचे, आला अंमलदार की हाक येईल तिकडे पळायचे, आणि संध्याकाळी शिळे तुकडे मागायचे. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर त्यांनी ती काठी मोडून चुलीत घातली. त्या शब्दासाठी घरात कोणाची जीभ वळू नये, असा त्यांचा दंडक होता. अर्जदाराला वाटले, कोणी टवाळखोर आपल्या लोकांची चेष्टा करायला हे नाव लावून बसला आहे. त्याने संदेशाचा पहिला शब्दही वाचला नाही. वहीत ड लिहिले, शेरा लिहिला, ‘संदर्भमूल्य नाही’, आणि खाली सही केली. भाऊसाहेब म्हणाले, “वाचा तरी.” अर्जदार म्हणाला, “काय वाचायचं त्यात?” ते पान छायाप्रत म्हणून सोबत जोडले आहे.

८. दि. ९ ऑगस्ट २०२५ रोजी सायलीच्या दुसऱ्या स्मृतिदिनी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. नगरहून तिची खोलीतली मैत्रीण आरती आली होती. जेवणानंतर बोलता बोलता ती म्हणाली, “काका, ती त्या हापशाच्या ग्रुपवर लय भारी लिहायची. नाव पण काय घेतलं होतं, येसकराची नात. म्हणायची, आज्याची काठी मोडली तरी आज्या थोडाच मोडला.” अर्जदाराच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्याने खाली ठेवला, एवढे आठवते. सगळे गेल्यावर त्याने भाग ४१ चा धागा उघडला. धागा वाचता येतो. लिहिता येत नाही.

९. तो संदेश जसाच्या तसा : ‘सगळे म्हणताय पोरीला बापाची लाज वाटली. नाही वाटली. सर त्यांना सगळ्यांसमोर ए करून बोलत होते. तिने तेव्हा पप्पा अशी हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं की पोरीने सगळं ऐकलं. बापाला पोरीसमोर कोणी ए म्हणू नये म्हणून ती गप बसली. हे मला माहीत आहे कारण मी पण गप बसले होते. पप्पा अजून रागावलेत. तीन वर्षं होतील. समोर गेलं की सुचत नाही. कसं सांगू, कोणीतरी सांगा.’ त्याच्याखाली हात जोडल्याचे एक चित्र आहे आणि एक शुभ सकाळ. सहाशे चाळीस माणसांत कोणीही उत्तर दिलेले नाही.

१०. भाग ४१ अर्जदाराने त्यानंतर बघितला. त्यात एक शाळेचा शिपाई आहे. त्याची पोरगी दुसऱ्या शाळेकडून भाषणाच्या स्पर्धेला येते. हेडमास्तर सांडलेल्या चहावरून त्याला सर्वांसमोर झापतो आणि पोरगी ओळख दाखवत नाही. साहेब, ही गोष्ट लिहिणाऱ्याला अर्जदाराची गोष्ट कोणी सांगितली नसणार. अशा गोष्टी पैशाला पासरी आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये सायली कॉलेजच्या मुलींबरोबर गावांच्या पाणी योजनांची माहिती घ्यायला अर्जदाराच्या कार्यालयात आली होती. कॉलेजचे कोणते काम कुठे निघेल हे आधी कळत नसे, आणि तिने घरी सांगितलेही नव्हते. अर्जदार पाण्याचे ग्लास घेऊन आत गेला. तेव्हाचे साहेब मुलींसमोर म्हणाले, “ए रंभ्या, हात धुतले का? बोटं बुडवून आणतो, पोरी पितील का ते?” सायलीने सगळ्यांत आधी ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. पप्पा म्हटले नाही. वर बघितले नाही.

११. अर्जदाराने त्या संध्याकाळी तिला विचारले, “साहेबलोकांच्या पोरी संगं असल्यावर बाप दिसत न्हाई व्हय?” ती काही बोलायला गेली. अर्जदार ताटावरून उठला. पुढची पावणेचार वर्षे त्याने तिच्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले. ती नगरहून फोन करी, अर्जदार भागिरथीकडे देई. पहिल्या पगारात तिने अर्जदाराला चप्पल आणली, ती त्याने घातली नाही. दवाखान्यात ती अर्जदाराचा हात धरून काहीतरी सांगत होती, पण तेव्हा तिचे बोलणे कळण्यापलीकडे गेले होते. अर्जदाराने नुसती मान हलवली. तिने रिकामा केलेला तो ग्लास अर्जदाराला इतकी वर्षे दिसत होता. ती पाणी प्यायली हे कधी दिसले नाही. राग मोठा आंधळा असतो, आणि गरिबाचा राग आपल्याच माणसावर निघतो, कारण दुसऱ्या कोणावर काढायची सोय नसते.

१२. बैल गेला आणि झोपा केला, तसे अर्जदार भाऊसाहेबांकडे गेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. वाईट माणूस नाही, डोळ्यांना पाणीही आणले. मग चष्मा पुसून म्हणाले, “पन मामा, ठराव हाय. ठरावाच्या भायेर कसं जायाचं? हरकत द्या.” अर्जदाराने हरकत दिली. हरकतीवर पोच मिळाली, आणि ‘हरकतदाराचा धाग्याशी संबंध काय’ असा खुलासा मागवला गेला. अर्जदाराने कळवले की लिहिणारी ही अर्जदाराची मयत मुलगी आहे. त्यावर मृत्यूचा दाखला मागितला, तो दिला. मग वारस दाखला मागितला. मग लक्षात आले की दाखल्यावर नाव सायली रंभाजी भिंगारदिवे आहे आणि धाग्यात येसकराची नात, तेव्हा दोन्ही एकच असल्याचा पुरावा हवा. अर्जदार प्रतिज्ञापत्र करायला गेला. तिथल्या बाबूने मजकूर वाचला आणि विचारले, “येसकर कोण?” अर्जदार म्हणाला, “माझा बाप.” साठ वर्षांत त्याने हे असे मोठ्याने कधी सांगितले नव्हते. प्रतिज्ञापत्र झाले. भाऊसाहेबांनी ते सभेपुढे ठेवले, गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली, अर्ध्या तासाने पाच जण उरले आणि त्यांनी ठरवले की वर्ग बदलण्याचा अधिकार सक्षम अधिकाऱ्याला असतो, सभेला नाही. हा नियम त्यांना कोणी सांगितला, हे साहेबांनी विचारू नये. ६ नंबरच्या परिच्छेदातल्या त्या वहीच्या पहिल्या पानावर तो अर्जदाराच्याच अक्षरात आहे.

१३. अर्जदाराला पुढील गोष्टी सांगणारे भेटले आहेत, तेव्हा साहेबांनी श्रम घेऊ नयेत. मजकुराचा फोटो काढून ठेवा, असे पोरे सांगतात. फोटो काढला आहे, फ्रेम करून भिंतीवर लावला आहे, तिच्या फोटोशेजारी. पण तिने प्रश्न विचारला आहे, साहेब. भिंतीवर उत्तर लिहिता येत नाही. लिहिले तरी ते तिच्या बोलण्याखाली येत नाही. नवीन धागा काढून त्यात लिहा, असेही एकाने सुचवले. ज्याने विचारले त्याला दुसऱ्याच्या दारात जाऊन उत्तर द्यायचे, ही कुठली रीत? तिला ते दिसणार नाही हे अर्जदाराला कळते. अर्जदार वेडा झालेला नाही, भागिरथीला वाटते तरीही.

१४. हा विषय आपल्या कार्यकक्षेत येत नाही, हेही अर्जदार जाणतो. ‘कार्यकक्षेत येत नाही’ असे टंकलेले कागद त्याने स्वतः किती म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या हातात दिले, आणि ते उन्हात उभे राहून कागद उलटा-सुलटा बघत असताना आत जाऊन पंखा लावला. त्यांतल्या कोणाचा शाप लागला असेल तर तो रास्तच आहे. परंतु समूह ग्रामसभेच्या नियमाने चालतो, व्यवस्थापक निवृत्त ग्रामविकास अधिकारी आहेत, आणि त्यांना आयुष्यभर ज्यांचे पत्र आले की उभे राहायची सवय आहे ते अधिकारी आपण आहात. दुसऱ्या कोणाचे ते ऐकणार नाहीत.

१५. सबब विनंती अशी की, सोबत जोडलेल्या मसुद्यावर सही करून, जावक क्रमांक टाकून, गोल शिक्का मारून पत्र द्यावे. मसुदा दोन ओळींचा आहे. तेही जमत नसेल, तर या अर्जाला नकार तरी द्यावा. पण तो कार्यालयाच्या छापील कागदावर, जावक क्रमांकासह आणि शिक्का ठळक उमटेल असा द्यावा. भाऊसाहेब मजकूर वाचत नाहीत, शिक्का बघतात. अर्जदारही असाच होता. धागा कायमचा ठेवा असा अर्जदाराचा आता हट्टही नाही. तो पाच मिनिटांसाठी लिहायला उघडावा, एक ओळ लिहू द्यावी, मग खुशाल नष्ट करावा. २६ तारखेला भाऊसाहेब झेंडावंदन उरकून यादीप्रमाणे नाश करणार आहेत, आणि यादीवर सही अर्जदाराची आहे. कृपया त्याआधी.

एकतीस वर्षे साहेबलोकांच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेला, आणि आजही आपल्या दाराबाहेरच बसलेला,

आपला नम्र,
(सही)
रंभाजी कोंडीबा भिंगारदिवे
येसकराचा मुलगा

सोबत :
१) ठराव क्र. ३ ची प्रत.
२) वर्गवारीच्या वहीतील पानाची छायाप्रत, शेरा व सहीसह.
३) मृत्यूचा दाखला व प्रतिज्ञापत्र.
४) भाग ४१ च्या धाग्याची छायाप्रत, संदेश एकोणीस.
५) पत्राचा मसुदा, साहेबांच्या सहीसाठी.
६) परवानगी मिळाल्यास धाग्यात लिहावयाची ओळ, अर्जदाराच्या हस्ताक्षरात : ‘सायले, राग गेला माझा. फुडच्या बारीला हाक मार, म्होरं कोनी बी साहेब असू दे. पप्पा.’